उष्माघात आणि हुकूम

(सेवाग्राम येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गांधीजींच्या आश्रमापासून हाकेच्या अंतरावर बसून सैनिकांच्या प्रकृतीविषयी बोलायचे, ही गोष्ट आपल्यापैकी काहींना विसंगत वाटली असेल. त्यांना मी इतकेच सांगेन की, ज्या माणसाने हा आश्रम वसवला त्यानेच बोअर युद्धात, १८९९-१९०० साली, हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभारून जखमी शिपायांना डोल्यांतून मैलोगणती वाहून नेले होते. युद्धाला विरोध करणे आणि युद्धासाठी भरती झालेल्या माणसाच्या देहाविषयी उदासीन राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपली निष्ठा असू शकते; दुसरीला कोणत्याही तत्त्वज्ञानाचा आधार नाही. शिवाय शिपाई म्हणून सैन्यात जातो कोण? गिरणीमालकाचा मुलगा जात नाही, मंत्र्याचा पुतण्या जात नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा धाकटा मुलगा जातो, शेतमजुराचा जातो, बारावी होऊन दोन वर्षे घरी बसलेला जातो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर जाऊन पाहा. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांच्या टोळ्या दिसतील. ती आपलीच मुले आहेत. त्यांच्यापैकी काही उन्हाळ्यात मैदानावर कोसळतात, काही उठत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘ऊन लागून मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी येते. त्या चार ओळींविषयी मला आज बोलायचे आहे.

‘ऊन लागणे’ हा आपला जुना शब्दप्रयोग आहे. विदर्भात ‘लू लागणे’ म्हणतात. शब्द बोलका आहे, पण तो अपराध्याची जागा चुकवतो. त्यातून असे सूचित होते की ऊन नावाचे काहीतरी बाहेरून आले आणि माणसाला लागले, जशी दृष्ट लागते. शेतात कामावर असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत, किंवा पत्र्याच्या घरात पडून राहिलेल्या आजाऱ्याच्या बाबतीत, हे पुष्कळ अंशी खरेही आहे. सैनिकाच्या बाबतीत ते अर्धवट आहे. धावणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या तरुणाच्या शरीरात उष्णता मुख्यतः आतूनच निर्माण होते. स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची सारी उष्णता बनते. ती बाहेर टाकण्याचा शरीरापाशी मुख्य उपाय एकच, घाम येणे आणि तो वाळणे. घाम नुसता गळून उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. हवा दमट असेल, अंगावर जाड गणवेश असेल, पाठीवर पंधरा-वीस किलोंचे ओझे बांधलेले असेल, तर घाम वाळत नाही. अशा स्थितीत जोराचे श्रम चालू राहिले तर पाच-सात मिनिटांत शरीराचे तापमान एक अंशाने चढू शकते. ते ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, अडखळू लागला, भलतेच वागू लागला की तो उष्माघात समजावा. पुढे स्नायू विरघळू लागतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, यकृत बिघडते, रक्त गोठण्याची क्रिया विस्कटते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही आपल्या सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध आहेत. एक अशी की, असा उष्माघात होण्यासाठी नवतपाच लागतो असे नाही. भाद्रपदातल्या दमट सकाळी, सूर्य ढगाआड असतानाही तो होतो. दुसरी अशी की, त्याला बळी पडणारा माणूस दुबळाच असतो असे नाही. किंबहुना जो सर्वांत जिद्दी, जो मागे राहायला तयार नाही, तो अधिक सापडतो. दुबळा आधीच बसून घेतो. आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत की उष्माघात झालेल्याचे अंग कोरडे पडते. श्रमातून झालेल्या उष्माघातात तर अंग घामाने निथळत असते, आणि ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ असे म्हणून हवालदार त्याला पुन्हा रांगेत उभा करतो. तेवढ्या अर्ध्या तासात त्या मुलाचे आयुष्य ठरून जाते.

उन्हाचा शस्त्र म्हणून उपयोग करता येतो, हे आपल्याकडच्या सेनापतींना चांगले ठाऊक होते. १८५८ च्या उन्हाळ्यात सर ह्यू रोजची फौज झाशी घेऊन काल्पीकडे निघाली. मे महिन्यात कूंच येथे लढाई झाली तेव्हा गोरे शिपाई गोळ्यांनी पडले त्याहून अधिक संख्येने उन्हाने पडू लागले. खुद्द रोज त्या दिवशी एकाहून अधिक वेळा घोड्यावरून कोसळला आणि पाणी मारून पुन्हा स्वार झाला. त्याच मोहिमेत बंडवाल्यांच्या सेनानायकाचा एक हुकूम इंग्रजांच्या हाती लागला. त्याचा आशय असा होता की, उन्हात लढल्याने युरोपियन मरतात किंवा रुग्णालयात जातात, म्हणून सकाळचे दहा वाजण्यापूर्वी त्यांच्यावर कधीही हल्ला करू नये. तात्या टोपे, रावसाहेब, राणी लक्ष्मीबाई यांच्या बाजूच्या सैन्याने वेळ निवडली होती. लढाईची वेळ ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, ऊन त्याचे सहकारी. ही सत्ता कोणाच्या हाती असावी, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे.

इंग्रजांनी यावरून धडा घेतला, पण तो साम्राज्याच्या रीतीने. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये राजआयोग नेमला गेला, १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यात जीव ओतला. उंच छताच्या बराकी झाल्या, पंखे आले, थंड हवेची ठिकाणे वाढली. मध्य प्रांतातल्या गोऱ्या पलटणींसाठी पंचमढी झाली. तो पंखा ओढत रात्रभर व्हरांड्यात बसणारा माणूस कोण होता, हे वेगळे सांगायला नको. देशी शिपायाच्या अंगात उष्णतेला तोंड देण्याची जन्मजात शक्ती असते असे तेव्हा मानले गेले. ही समजूत सोयीची होती. तिच्यामुळे खर्च वाचत होता. आजही रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराविषयी ‘त्यांना सवय असते’ असे म्हणताना आपण तीच समजूत उगाळत असतो.

सवयीचा प्रश्न खरा आहे, पण तो जातीचा किंवा वंशाचा नाही, दिवसांचा आहे. कोणत्याही निरोगी माणसाला उन्हाळ्यातल्या श्रमांशी जुळवून घेण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी शांत राहते. ही कमावलेली शक्ती थंड जागी गेल्यावर काही आठवड्यांत ओसरते. म्हणजे महाबळेश्वरच्या मुलाला जे लागू, तेच चंद्रपूरच्या मुलाला. रजेवरून परतलेल्या जवानाला पहिल्याच दिवशी पूर्ण ओझ्यासह दौडवणे हे शास्त्रदृष्ट्या मूर्खपणाचे आहे, त्याचे गाव कोणतेही असो.

‘देशी शिपायाला सवय असते’ या समजुतीचा हिशेब मेसोपोटेमियात चुकता झाला, आणि तो चुकवणाऱ्यांत मराठे शिपाई मोठ्या संख्येने होते. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने बगदादकडे पाठवली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली माणसे. कूत-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. त्यानंतर जे घडले ते युद्धाच्या इतिहासात तळटीपेइतकेच येते. वेढ्याने खंगलेल्या त्या माणसांना ऐन मे-जूनच्या उष्म्यात वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले गेले. पाणी अपुरे, पायांत धड जोडे नाहीत, आजाऱ्यांना वाहन नाही. वाटेवर आणि पुढच्या तळांवर हजारो मेले. मोठे अधिकारी बोटीने आणि गाडीने गेले. चालत गेले ते शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, आचारी, खेचरवाले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९१७ च्या जुलैत, इंग्रज सेनापतींनी युफ्रेटिसवरच्या रमादीवर चाल केली. त्या महिन्यात तेथे सावलीत पारा ५० अंशांच्या घरात होता. हल्ला फसला. फौजेचे ५६६ लोक कामी आले किंवा निकामी झाले, त्यांपैकी ३२१ शत्रूच्या गोळीने नव्हे, उष्म्याने. सप्टेंबरात ऊन थोडे उतरल्यावर, पाण्याची आणि वाहनांची तजवीज करून तीच फौज पुन्हा गेली आणि रमादी पडली. ‘युद्धात कोणी सावली देत नाही, म्हणून सरावातही देऊ नये’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मिशाळ देशभक्तांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मेसोपोटेमियातल्या वैद्यकीय अनागोंदीची चौकशी झाली, १९१७ मध्येच आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. एवढे तरी झाले. स्वतंत्र भारतात प्रशिक्षणातल्या उष्माघातामुळे एखाद्या मंत्र्याने राजीनामा दिल्याचे आपल्यापैकी कोणाला आठवते का?

पूर्वी लष्करांत आणखी एक खूळ होते. त्याला पाण्याची शिस्त म्हणत. शिपायाला कमी पाणी देत गेले की तो कमी पाण्यावर लढायला शिकतो, अशी कल्पना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅडॉल्फ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग करून ही कल्पना खोटी ठरवली. तहान सोसण्याची सवय होत नाही. शरीर फक्त सुकते आणि काम मंदावते. पुढे उलट टोकाचीही फजिती झाली. पाणी प्या, पाणी प्या असे इतके घोकले गेले की अतिरेकी पाण्याने रक्तातले मीठ पातळ होऊन काही सैनिक दगावले, आणि १९९८ मध्ये अमेरिकन सैन्याला ताशी साधारण दीड लिटरची मर्यादा घालावी लागली. आमच्याकडे पन्हे आणि मीठ घातलेले ताक का पितात, याचे उत्तर यात आहे; पण खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, याला मात्र काही आधार नाही.

खरी सुधारणा पाण्यातून आली नाही, ती वेळेच्या नियमनातून आली. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पॅरिस आयलंड या नौसैनिक प्रशिक्षण तळावर नव्या भरतीतली मुले उन्हाळ्यात इतक्या संख्येने कोसळू लागली की शास्त्रज्ञांना बोलवावे लागले. त्यांनी एक साधे मापन सुचवले. एक तापमापक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यात बसवलेला, एक साधा. ओल्याला ७० टक्के महत्त्व, काळ्याला २०, साध्याला १०. घाम वाळेल की नाही हे ओला तापमापक सांगतो, उन्हाचा मारा काळा सांगतो. या आकड्यानुसार मैदानावर निशाण चढवायचे: हिरवे, पिवळे, लाल, आणि शेवटी काळे. काळे निशाण चढले की नेहमीचे श्रमाचे शिक्षण बंद. ही पद्धत आल्यावर त्या तळावरचे उष्म्याचे रुग्ण लक्षणीयरीत्या घटले. आता ती जगभर वापरली जाते.

या निशाणाकडे आपण समाजवाद्यांनी जरा निराळ्या नजरेने पाहावे. त्यात तापमापकाहून मोठी गोष्ट आहे. एरवी मैदानावर शेवटचा शब्द सुभेदाराचा किंवा कर्नलसाहेबांचा. निशाण चढले की त्यांचाही हुकूम थांबतो. हुकूम देणाऱ्याच्या वर एक नियम उभा राहतो. गिरणीत आठ तासांचा भोंगा झाला तेव्हा नेमके हेच घडले होते. पण गिरणी कामगाराजवळ भोंगा नसताना संपाचे हत्यार तरी होते. सैनिकाजवळ तेही नाही. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने त्याचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९५० च्या सेना कायद्यान्वये त्याला संघटना करता येत नाही, आणि वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा गुन्हा आहे. शिस्तीसाठी हे आवश्यक आहे असे कोणी म्हणेल. वादापुरते मान्य करू. पण ज्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क राज्याने काढून घेतला, त्याच्या जिवाची जबाबदारी राज्यावर दुप्पट येते की निम्मी?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्येही लाजिरवाणे निघाले. जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत विशेष दलाच्या निवड चाचणीत तीन राखीव सैनिक उष्म्याने मेले. दिवस ३० अंशांच्या घरातला. आपल्याकडे त्याला कोणी उन्हाळा म्हणणार नाही. दोन वर्षांनी मृत्युचौकशीत हलगर्जीपणाचा ठपका आला. खटला मात्र झाला नाही, कारण संरक्षण खात्याला त्या बाबतीत कायद्याचे संरक्षण होते. २०१६ मध्ये सुरक्षा खात्याने सरकारवर केवळ निषेधाचा शेरा मारला. तरी तेथे चौकशी उघडपणे झाली, संसदीय समितीने अहवाल छापला. अमेरिकेत तर सैन्यातील उष्म्याच्या रुग्णांची गणती दरवर्षी प्रसिद्ध होते. २०१८ साली ५७८ उष्माघात आणि २,२१४ उष्म्याची ग्लानी, असा नेमका आकडा कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नियतकालिक आहे, दिल्लीत संरक्षण खात्याची शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा १९६२ पासून आहे. ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती अशा वार्षिक, जाहीर हिशेबाची. जे मोजले जाते पण सांगितले जात नाही, त्यावर लोकशाहीत प्रश्न विचारता येत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सैनिक होण्याच्या आधीच जे मरतात त्यांचा कोठेच हिशेब नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत किमान चार उमेदवारांचा मृत्यू झाला. मुंबईचा जून म्हणजे पाऊस तोंडावर आलेला, हवा घामाने जड. परगावाहून आलेली मुले, कोणी स्टेशनवर झोपलेली, कोणी फुटपाथवर, पोटात धड अन्न नाही. ओरड झाली, तेव्हा वेळा बदलल्या गेल्या आणि अंतर तीन किलोमीटरवर आणले गेले. आज पुरुषांसाठी ते १६०० मीटर आहे. पाच किलोमीटर ही पोलिसाच्या कामाची अपरिहार्य गरज होती, तर ती चार मृत्यूंनंतर कशी संपली? आणि गरज नव्हती, तर ती मुले कशासाठी धावत होती? २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुषांना दहा किलोमीटर धावायला लावले, किमान अकरा जण मेले. कोणी उत्तेजक औषधांना दोष दिला, कोणी लशीला. लाखो अर्जांतून काही शेकडा माणसे गाळून काढण्याचे सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे धावण्याची शर्यत, या मूळ गोष्टीला कोणी दोष दिला नाही. बेकारी जेवढी मोठी तेवढे चाळणीचे भोक लहान.

असा उमेदवार कायद्याच्या दृष्टीने ना कामगार आहे, ना सैनिक, ना पोलीस. तो फक्त एक छातीवरचा क्रमांक आहे. थांबण्याची त्याला मुभा आहे, असे अधिकारी सांगतात. खरे आहे. थांबला की तो घरी जातो, आणि पुढच्या भरतीला त्याचे वय उलटलेले असते.

गणवेशातल्या खालच्या पायरीचीही तीच कथा. ३१ मे २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या मिर्झापुरात लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी किमान तेरा निवडणूक कर्मचारी उष्म्याने मेले. त्यांत होमगार्ड मोठ्या संख्येने होते. ही माणसे रोजंदारीवरची, पुष्कळशी पन्नाशीच्या आसपासची. मतदान मे-जूनमध्ये का, हा प्रश्न त्यांना विचारता आला नसता.

आणि आपला वर्धा जिल्हा? पुलगावचे दारूगोळा भांडार हे देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. आपण ते दोन तारखांनी ओळखतो. ३१ मे २०१६ च्या रात्रीची आग, जीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान सोळा जण गेले, पुष्कळसे आग विझवणारे. आणि २० नोव्हेंबर २०१८ चा स्फोट, ज्यात सहा जण गेले, त्यांत कंत्राटी मजूर होते. पहिल्या दुर्घटनेच्या मुळाशी सुरुंगांतून पाझरणारी स्फोटके होती असे पुढे सांगितले गेले. म्हणजे सुरुंगांवरही लक्ष ठेवावे लागते. माणसावर ठेवण्याचे नियम कोठे लावलेले दिसतात? स्फोटाची तारीख होते, बातमी होते. मे महिन्याच्या दुपारी पेट्या हलवणाऱ्या मजुराला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला जी ग्लानी येते तिची तारीख होत नाही. तो दोन दिवस घरी पडून राहतो, मजुरी बुडते, तिसऱ्या दिवशी कामावर येतो.

अग्निवीरांचा प्रश्न याला जोडूनच पाहिला पाहिजे. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार रुपये, त्यातले ९ हजार निधीसाठी कापलेले, पेन्शन नाही, आणि चार वर्षांनी फार तर चौघांतल्या एकाला कायम होण्याची संधी. म्हणजे तीन मित्रांना मागे टाकल्याशिवाय चौथ्याला भवितव्य नाही. ज्या मुलाला चक्कर येत असतानाही थांबणे परवडत नाही असा मुलगा घडवण्याची याहून चांगली योजना शत्रूलाही सुचली नसती. सेवेमुळे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात ४४, २५ किंवा १५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. सारे अडते ते ‘सेवेमुळे’ या एका शब्दावर. गोळी लागली तर ती सेवेमुळे लागली हे दिसते. उष्माघातातून वाचलेल्या मुलाचे मूत्रपिंड सहा महिन्यांनी खराब झाले, त्याला ऊन सोसेनासे झाले, स्मरण कमी झाले, तर ते सेवेमुळे की त्याच्या मूळच्याच दोषामुळे, हे ठरवणारे मंडळ सैन्याचेच असते. अधिकारी होण्यासाठी खडकवासल्याला आणि डेहराडूनला गेलेली सुमारे ५०० मुले १९८५ पासून प्रशिक्षणातल्या इजांमुळे आणि आजारांमुळे घरी पाठवली गेली आणि त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतल्यावर सरकार हालले. अधिकारी होऊ घातलेल्यांची ही गत, तर शिपायाची काय असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

मला कल्पना आहे, येथे कोणी उठून म्हणेल की हे सारे सैन्याचे मनोधैर्य खच्ची करणारे बोलणे आहे. या आक्षेपाला मी सेवाग्रामातूनच उत्तर देतो. १९३० साली साठ वर्षांच्या एका सेनापतीने साबरमतीहून दांडीपर्यंत आपली तुकडी नेली. १२ मार्च ते ६ एप्रिल, गुजरातचा उन्हाळा, सुमारे २४० मैल. चाल सकाळी आणि संध्याकाळी; दुपारी मुक्काम; सोमवारी विश्रांती. रोजचे अंतर सरासरी दहा मैल. शिस्त इतकी कडक की कोणाला वाटेत सवलत मागायची सोय नव्हती. पण अंतर आणि वेळ ठरवताना सेनापतीने आपल्याच सर्वांत मंद पावलांचा विचार केला होता. त्या सैन्याचे मनोधैर्य खचले असे इंग्रजांनीही कधी म्हटले नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, हा माणूस वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, चालत आला. पुढे येथल्या उन्हाळ्यात तो डोक्यावर ओले फडके ठेवून काम करत बसे. पॅरिस आयलंडच्या तापमापकावर गुंडाळलेले फडके आणि हे फडके यांचे शास्त्र एकच आहे.

तेव्हा करायचे काय? केंद्र सरकारकडे मागण्या कराव्याच लागतील: उष्म्याच्या रुग्णांचा वार्षिक आकडा संसदेपुढे यावा, प्रशिक्षणातल्या प्रत्येक उष्माघाताची चौकशी त्या तुकडीबाहेरच्या माणसांनी करावी, आणि प्रशिक्षण चालू असताना झालेला उष्माघात सेवेमुळेच झाला असे गृहीत धरून, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकावा. या मागण्या आपल्या खासदारांनी, जेवढे असतील तेवढ्यांनी, लावून धराव्यात. पण त्या मान्य होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पोलीस भरती राज्याच्या अखत्यारीतली आहे, आणि भरतीचे मैदान जिल्ह्याच्या गावी असते. तेथे आपण जाऊ शकतो.

होळी जवळ आली आहे. आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने आतापासून पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लिहून विचारावे की धावण्याची चाचणी सकाळी किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपेल, आणि ओल्या तापमापकाचा आकडा किती झाला की ती थांबेल. थांबवण्याचा अधिकार कोणाचा, त्या माणसाचे नाव आधी जाहीर व्हावे, आणि तो डॉक्टर असावा. आदल्या रात्री बाहेरगावच्या मुलांना निवाऱ्यासाठी एखादी शाळा उघडून द्यावी. हे जिल्हा परिषदेकडून सहज होण्यासारखे आहे. आणि मैदानाच्या कडेला, शेवटच्या वळणावर, माणूस बसेल एवढा एक टब पाण्याने आणि बर्फाने भरून ठेवलेला असावा. उष्माघात झालेल्याला आधी रुग्णवाहिकेत घालायचे नसते, आधी गळ्यापर्यंत त्या टबात बसवायचे असते आणि डोके धरून ठेवायचे असते. पहिल्या अर्ध्या तासात असे थंड केलेले रुग्ण जवळपास सारे वाचतात. नुसता सलाइनचा खांब उभारून आणि कपाळावर ओली पट्टी ठेवून हे काम होत नाही. येथल्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी तरुण डॉक्टर आहेत. त्यांच्याकडून आपल्या कार्यकर्त्यांनी एक दिवस हे शिकून घ्यावे. टब प्लॅस्टिकचा चालतो, आणि बर्फाच्या लाद्या लग्नाच्या मंडपाला पुरवणारा कोणीही देतो. अधीक्षकांनी नाही म्हटले तर वर्गणी काढून तो आपणच नेऊन ठेवावा, आणि कोणत्या मैदानावर तो ठेवू दिला नाही, ते या साप्ताहिकाला कळवावे.